रक्तात न जाणारं औषध

पोटॅशियम वाढल्याचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक घरांत पहिली गदा केळ्यावर येते. शहाळं बंद, टोमॅटो बंद, बटाटा पाण्यात भिजत. मग डॉक्टर चिठ्ठीवर पावडरीच्या पुड्या लिहून देतात आणि त्या पुड्या इतर गोळ्यांच्या डब्यात जाऊन पडतात. गोळ्या घ्यायच्या त्याच वेळेला, बऱ्याचदा त्याच घोटाबरोबर, पावडरही पोटात जाते. गडबड होते ती इथे. कारण हे औषध रक्तात जातच नाही. तोंडावाटे शिरतं, आतड्यातून फिरतं आणि शौचावाटे बाहेर पडतं. करायचं ते काम वाटेतच उरकतं. एवढं नीट डोक्यात बसलं, की ते कसं घ्यायचं, कशाबरोबर घ्यायचं नाही आणि त्याच्याकडून कसली अपेक्षा ठेवायची नाही, याचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्ताच्या रिपोर्टात दिसतो तो उरलेल्यातला एक अंश, लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल. एवढ्याशा अंशावर हृदयाच्या ठोक्याची लय अवलंबून असते. लंडनच्या सिडनी रिंगर या डॉक्टरांनी १८८० च्या दशकात बेडकाची हृदयं वेगवेगळ्या क्षारांच्या पाण्यात ठेवून पाहिली, तेव्हाच हे क्षारांचं गणित पुढे आलं. दवाखान्यात 'आरएल' म्हणून जे सलाईन लावतात, त्यातला 'आर' म्हणजे हेच रिंगर. रक्तातलं पोटॅशियम ५.५ च्या पुढे गेलं की डॉक्टर सावध होतात, ६ च्या वर गेलं की धावपळ सुरू होते. रुग्णाला मात्र अनेकदा काहीच जाणवत नाही. थोडा अशक्तपणा, पाय जड वाटणं, कधी छातीत धडधड. पुष्कळदा तेही नाही. म्हणून 'मला तर बरं वाटतंय' या वाक्याला इथे फारशी किंमत नाही.

जादा पोटॅशियम बाहेर टाकण्याचं काम जवळजवळ ९० टक्के मूत्रपिंडं करतात, बाकीचं आतडी. मूत्रपिंडं थकली की आतड्यांचा वाटा वाढतो, आणि या पावडरी त्याच वाटेवर जाऊन बसतात.

पण वाट लांबची आहे. पावडर पोटात गेल्यापासून रक्तातला आकडा हलायला तास लागतात, जुन्या प्रकारांना तर एक-दोन दिवसही. त्यामुळे पोटॅशियम ६.५ आलंय, ईसीजी बिघडलाय, अशा वेळी घरी दोन पुड्या जास्त घेऊन झोपणं हा उपाय नव्हे. तिथे दवाखानाच गाठावा लागतो. हृदयाला सावरायला शिरेतून कॅल्शियम देतात. पोटॅशियम तात्पुरतं पेशींत ढकलायला इन्सुलिन आणि ग्लुकोज, जोडीला दम्यासाठी वापरतात त्या साल्ब्युटामॉलची वाफ. आणि गरज पडली तर डायलिसिस. पुडीचं काम नंतरचं, रोजच्या रोज थोडं थोडं बाहेर काढत राहण्याचं.

पोटॅशियम वाढतं कशाने? निम्मी गोष्ट दुखण्याची, निम्मी औषधांची, आणि ती औषधं वाईट मुळीच नव्हेत. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या रक्तदाबाच्या गोळ्या मूत्रपिंडाला आणि हृदयाला आधार देतात, पण पोटॅशियम अडवून धरतात. स्पायरोनोलॅक्टोनचंही तसंच. हृदय दुबळं झालेल्या रुग्णांमध्ये ही स्वस्त गोळी मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी करते, असं १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. गोळी धडाधड लिहिली जाऊ लागली. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात संशोधकांनी पुढे हिशेब मांडला: हृदयविकाराच्या अशा रुग्णांमध्ये पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये हजारी ११ वर गेलं. चाचणीतल्या रुग्णांचं रक्त वेळच्या वेळी तपासलं जात होतं, बाहेरच्या जगात तसं होत नव्हतं. माझ्या मते या पुड्यांचं खरं मोल इथे आहे. पोटॅशियम आटोक्यात राहिलं, तर जीव वाचवणारी गोळी चालू ठेवता येते. रिपोर्ट पाहून घाबरून ती गोळी आपणच बंद करून टाकणारे रुग्ण कमी नाहीत. तो निर्णय डॉक्टरांचा. पुडी लिहून देताना त्यांनी बहुतेक वेळा तो आधीच घेतलेला असतो.

आता पुडीच्या आत डोकावू. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येणाऱ्या सोसायट्यांत गच्चीवर किंवा पंपाशेजारी पाणी मृदू करणारी टाकी असते. तिच्यात बारीक पिवळसर मणी भरलेले असतात. मण्यांवर सोडियम चिकटलेलं असतं. पाणी त्यातून गेलं की मणी पाण्यातलं कॅल्शियम पकडतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. जुन्या पोटॅशियमच्या पावडरीचा घटकही पॉलिस्टायरिन सल्फोनेट, म्हणजे त्याच कुळातला. हा व्यवहार देवाणघेवाणीचा आहे. फुकट काही मिळत नाही. पोटॅशियम घेताना पावडर शरीराला काय परत करते, हा प्रश्न प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांना विचारावा असा आहे.

सोडियम पॉलिस्टायरिन सल्फोनेट हे यातलं सगळ्यात जुनं. अमेरिकेत ते १९५८ साली मंजूर झालं. औषध खरंच गुणकारी आहे का, हे सिद्ध करायला लावणारा कायदा तिथे १९६२ मध्ये आला. त्यामुळे हे औषध त्या परीक्षेला न बसताच वापरात रुळलं. खोट्या औषधाशी ताडून पाहणारी, आठवडाभराची एक छोटी पण नीट आखलेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. ३३ रुग्णांच्या त्या चाचणीत पोटॅशियम साधारण १ मिलिमोलने जास्त उतरलं. म्हणजे औषध चालतं. फक्त हे नीट तपासून बघायला अर्धशतक गेलं.

याच्या १५ ग्रॅमच्या मात्रेतून शरीरात जवळजवळ १,५०० मिलिग्रॅम सोडियम येतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात २,००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. मीठ तोडलेल्या, पायावर सूज असलेल्या रुग्णाला याचा अर्थ सांगायला नको. आपल्याकडे जास्त करून कॅल्शियमवाली पुडी लिहितात, कॅल्शियम पॉलिस्टायरिन सल्फोनेटची. ती सोडियमचा बोजा टाळते, पण कॅल्शियम वाढवू शकते. मूत्रपिंडाच्या अनेक रुग्णांना आधीच कॅल्शियमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्व चालू असतं, म्हणून पोटॅशियमबरोबर कॅल्शियमही मधूनमधून तपासावं लागतं. रक्तातलं कॅल्शियम मुळातच जास्त असेल, तर ही पुडी देत नाहीत.

पुढच्या पिढीतली दोन औषधं. पॅटिरोमर अमेरिकेत २०१५ मध्ये आलं. तेही कॅल्शियम देऊन पोटॅशियम घेतं, आणि सोबत मॅग्नेशियमही ओढून नेतं. ते फ्रिजमध्ये ठेवायचं असतं, बाहेर तीन महिने टिकतं, पण ४० अंशांच्या वरची उष्णता त्याला चालत नाही; अमेरिकेतले नातेवाईक मे महिन्यात नागपूर-अकोल्याला येताना ते बरोबर आणणार असतील, तर त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. दुसरं सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेट, २०१८ चं. हे भारतातही मिळतं. हा स्फटिक आहे. त्याच्यातली छिद्रं सुमारे ३ अँगस्ट्रॉमची, म्हणजे जवळजवळ पोटॅशियमच्या आयनाच्याच मापाची; त्यामुळे तो कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या नादी फारसा लागत नाही. कामही लवकर, तासाभरात सुरू करतो. बदल्यात ५ ग्रॅममागे साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम देतो. हे घेणाऱ्याने रोज सकाळी वजन करावं आणि घोट्यावर बोट दाबून खड्डा पडतो का ते बघावं. वजन भराभर वाढू लागलं किंवा सूज आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवावं.

एका पुडीने काम तरी किती होतं? जुन्या सोडियमवाल्या औषधाच्या माहितीपत्रकात एका ग्रॅमला साधारण १ मिलिमोल असा अंदाज दिलेला असतो. १५ ग्रॅमला १५ मिलिमोल, म्हणजे जेमतेम ५८५ मिलिग्रॅम पोटॅशियम. मध्यम आकाराच्या एका केळ्यात ४०० च्या आसपास असतं. चांगलं भरलेलं शहाळं ५०० च्या पुढे सहज जातं. 'पुडी घेतली आहे, आता शहाळं प्यायला हरकत नाही' हा हिशेब किती तोकडा आहे, ते यावरून कळेल.

आता वेळेचं बघू, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आतड्यात फिरणाऱ्या पावडरीला पोटॅशियम आणि शेजारून जाणारी गोळी यांतला फरक नेहमी कळत नाही. तिने गोळी धरली, की ती गोळीही रक्तात न जाता बाहेर पडते. थायरॉईडची गोळी हे ठळक उदाहरण. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सोडियमवाल्या पावडरीबाबत सांगितलं, की तोंडाने घ्यायच्या इतर औषधांपासून ती किमान तीन तास लांब ठेवावी. ज्यांचं पोट उशिरा रिकामं होतं, त्यांनी सहा तास. जुन्या मधुमेहात पोट असं मंदावू शकतं. कॅल्शियमवाल्या पुडीलाही तीन तासांचाच दंडक आहे, पॅटिरोमरलाही. झिर्कोनियमवाल्याचं निराळं: ते गोळ्यांना धरत नाही, पण पोटातलं आम्ल काही वेळ कमी करतं, म्हणून बुरशीवरची काही औषधं आणि मूत्रपिंड बदललेल्यांचं टॅक्रोलिमस त्याच्या दोन तास आधी किंवा नंतर.

कागदावर हे सोपं दिसतं. पण मूत्रपिंडाच्या रुग्णाचा दिवस मांडून पाहा. सकाळी ६ ला अनशापोटी थायरॉईड. ८ ला न्याहारी, तिच्याबरोबर रक्तदाबाच्या गोळ्या. दुपारी १ ला जेवण आणि फॉस्फरस धरणारी गोळी, जी घासाबरोबरच लागते. रात्री ९ ला पुन्हा तेच, शिवाय कोलेस्टेरॉलची गोळी. यात दोन्हीकडून तीन तास मोकळी अशी एकच खिडकी सापडते, दुपारी ४ ते ६. पुडी दिवसातून एकदाच असेल, तर ती तिथे बसते. तीनदा असेल, तर सगळं वेळापत्रक हलवावं लागतं, आणि ते काम रुग्णाने एकट्याने करू नये. सगळ्या औषधांची पिशवी, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसकट, डॉक्टरांच्या टेबलावर उलटी करावी आणि वेळा कागदावर लिहून घ्याव्यात. एखादी पुडी राहून गेली, तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

घेण्याची रीत. बसून घ्यायची, आडवं पडून कधीच नाही. बारीक पूड श्वासनलिकेत गेली तर फुप्फुसात जाऊन त्रास देते. अर्धांगवायूने गिळायला अडखळणाऱ्या माणसाला भरवताना तर जास्तच जपायला हवं. कोरडी पूड तोंडात टाकून वर पाणी प्यायचं नाही. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या साध्या पाण्यात, कॅल्शियमवालीला बहुधा ५० मिलिलिटरच्या आसपास, ढवळून लगेच प्यायची. ती विरघळत नाही. गढूळच राहते आणि तळाशी बसते. खराब झाली म्हणून ओतून देऊ नका. पेल्यात थोडं पाणी घालून खळखळवा आणि तेही प्या, नाहीतर अर्धी मात्रा मोरीत जाते. ज्यांना दिवसभराचं पाणी मोजून आहे, त्यांनी हे पाणीही त्याच हिशेबात धरावं. चव लपवायला मोसंबीचा रस, नारळपाणी, दूध वापरायचं नाही, कारण त्यांच्यातच पोटॅशियम आहे. उकळत्या चहात तर मुळीच नाही. उष्णतेने या पावडरींचा गुण बिघडतो.

पोटाची तक्रार जवळजवळ ठरलेली, विशेषतः जुन्या पावडरींनी. बद्धकोष्ठ व्हायचं, मळाचे खडे अडकायचे, म्हणून १९६० च्या दशकात सोडियमवाल्या पावडरीत सॉर्बिटॉल हे रेचक मिसळायची पद्धत पडली. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांनी या मिश्रणाचा एनिमा दिल्यानंतर आतड्याचा भाग मरून गेलेल्या पाच रुग्णांची नोंद केली. २००९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने या जोडीविरुद्ध इशारा दिला. हा अपाय विरळा आहे, पण झाला तर जिवावर बेततो. नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेलं, आतड्यात अडथळा, बरेच दिवस साफ न होणं, यांपैकी काही असेल तर पहिली पुडी फोडण्याआधीच डॉक्टरांना सांगायला हवं. चालू असताना पोट जोरात दुखू लागलं, फुगलं, उलट्या झाल्या किंवा शौचात रक्त दिसलं, तर पुडी थांबवून त्याच दिवशी दाखवायचं.

बद्धकोष्ठावर घरगुती इलाज करतानाही तारतम्य लागतं. इसबगोलाला भरपूर पाणी लागतं, आणि पाणी तर इथे मोजून असतं. मॅग्नेशियमचं पांढरं रेचक आणि ॲसिडिटीवरचं मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं पातळ औषध जुन्या पावडरींबरोबर टाळायचं असतं. बहुतेक डॉक्टर लॅक्ट्युलोज देतात. ते त्यांनाच विचारून घ्यावं. उलट जुलाब लागले तर गप्प राहू नये. जुलाबात पोटॅशियम झपाट्याने उतरू शकतं, किंवा पाणी कमी होऊन मूत्रपिंड आणखी मंदावलं तर वाढूही शकतं. घरात बसून ते ओळखता येत नाही, आणि ओआरएसमध्येही पोटॅशियम असतंच.

इकडे पुडी पोटॅशियम काढत असताना तिकडून चोरपावलांनी ते आत येत असेल, तर सगळी मेहनत फुकट. केळ्यावर सगळ्यांचं लक्ष असतं, पण 'लो सोडियम' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठावर नसतं. रक्तदाबाला चांगलं म्हणून ते आणलेलं असतं, आणि त्यात सोडियमच्या जागी घातलेलं असतं पोटॅशियम क्लोराइड. मुतखड्यासाठी आणि लघवीच्या जळजळीसाठी पोटॅशियम सायट्रेटची सिरप मिळतात. त्याच तक्रारींवर वैद्य देतात त्या श्वेत पर्पटीत सोरा असतो, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. जवाच्या राखेपासून करतात तो यवक्षार हे मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. निरोगी मूत्रपिंडाला हे पेलतं, थकलेल्याला नाही. गुडघेदुखीवरच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांमध्ये पोटॅशियम नसलं, तरी त्या मूत्रपिंडाचा हात आखडतात. लघवीच्या संसर्गावर देतात त्या को-ट्रायमॉक्साझोलनेही पोटॅशियम चढतं. मेडिकलच्या काउंटरवर 'पाठ धरली आहे, काहीतरी द्या' म्हणताना पोटॅशियमची पुडी चालू असल्याचं सांगायला विसरू नये.

मात्रा ठरते रक्ताच्या तपासणीवर, आणि ती तपासणीही कधी कधी फसवते. शीर दिसावी म्हणून 'मूठ आवळा, सोडा, पुन्हा आवळा' असं करायला लावतात. स्नायूंच्या या हालचालीने त्या हातातल्या रक्तात पोटॅशियम वाढतं. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला, बारीक सुईने रक्त जोरात ओढलं आणि लाल पेशी फुटल्या, तरी तेच. घरून घेतलेला नमुना लॅबला पोचायला उशीर झाला, आणि तो बर्फात ठेवला असेल, तर आणखी वाढतं, कारण थंडीत पेशींचा पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. म्हणून तब्येत ठीक, ईसीजी ठीक आणि आकडा अचानक ६.२ आला, तर डॉक्टर लगेच पुन्हा रक्त मागवतात. त्याला पैसे उकळणं म्हणू नये. उलटही घडतं: पोटॅशियम ३.५ च्या खाली घसरलं तर तेही हृदयाला घातक, डिगॉक्सिन घेणाऱ्यांना विशेष. तेव्हा मात्रा कमी करतात किंवा थांबवतात. जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन् महिने पुड्या आणत राहणं त्यासाठी धोक्याचं.

डायलिसिसवरच्यांचा हिशेब आणखी वेगळा. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल, तर दोन दिवसांचा एक मोठा खाडा पडतो, आणि पोटॅशियम चढतं ते तेव्हा. झिर्कोनियमवालं औषध अशा रुग्णांना फक्त डायलिसिस नसलेल्या दिवशी देतात. मशीन लागते त्या दिवशी जादा पोटॅशियम तीच काढते.

आणि आपल्याकडचे उपास. साबुदाण्यात पोटॅशियम नगण्य, पण खिचडीतले दाणे, बटाटा, वर केळं, रताळ्याचा कीस, खजूर, राजगिरा हे सगळं पोटॅशियमने भरलेलं. निरंकार उपासही सोयीचा नाही: काही न खाल्ल्याने इन्सुलिन उतरतं आणि पेशींतलं पोटॅशियम रक्तात येऊ लागतं, डायलिसिसच्या रुग्णांमध्ये हे पाहिलं गेलं आहे. संकष्टीला आणखी एक अडचण असते. दिवसभर काही घेतलेलं नसतं, चंद्रोदय झाला की नैवेद्य दाखवायचा, जेवायचं आणि राहिलेल्या सगळ्या गोळ्या पुडीसकट एका बैठकीत संपवायच्या. तीन तासांचं अंतर तिथेच मोडतं. श्रावण लागायच्या आधीच्या भेटीत डॉक्टरांना उपासाचे वार सांगितले, तर ते पुडीची वेळ बदलून देऊ शकतात, किंवा उपास करू नका म्हणून स्पष्ट सांगतील.